शिकणारा आधी, शिकवणारा नंतर



फादर थॉमस स्टीफन्स हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ‘ख्रिस्तपुराणा’मुळे ठाऊक आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या मराठी भाषा दिनाच्या भाषणांत हमखास येतात आणि त्या ऐकताना ख्रिस्ती म्हणून आपली मान थोडी ताठ होते. ख्रिस्तपुराण छापले गेले १६१६ साली. त्याआधी सदतीस वर्षे फादर गोव्यात राहत होते आणि त्या काळात ते पत्रे लिहीत होते, काही घरी, काही रोमला. या पत्रांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पण ती एकापुढे एक ठेवून पाहिली तर त्यांतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या खानदेशातल्या धर्मग्रामालाही लागू पडतो.

प्रश्न असा : दुसऱ्याची भाषा आपण शिकतो ती प्रेमापोटी की सोयीपोटी? व्यापारी गिऱ्हाइकाची भाषा शिकतो. साहेब हुकूम सोडण्यापुरती शिकतो. मते मागायला आलेला पुढारी अहिराणीत चार वाक्ये बोलतो आणि टाळ्या घेऊन जातो. धर्मगुरू लोकांची भाषा शिकतात, आपणही शेजाऱ्याची थोडीफार शिकतो. वरून पाहिले तर सगळे सारखेच दिसते. मग यात प्रेम कोणते आणि डावपेच कोणते, हे ओळखायचे कसे?

तुरुंगात पोचलेले पत्र

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात झाला. तो राणी एलिझाबेथचा काळ होता. कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे तेव्हा धोक्याचे होते. थॉमस पाउंड हे त्यांचे जिवलग मित्र. ते एकेकाळी दरबारात वावरलेले, पुढे श्रद्धेसाठी सारे सोडलेले गृहस्थ होते. कविता करीत आणि धर्मविषयक लेखनही करीत. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा असे ठरले होते. पण निघण्याआधीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली.

स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहीत. १५७८ साली त्यांनी संघाच्या वरिष्ठांकडे विनंती केली, की पाउंड यांना तुरुंगात असतानाच संघाचे सदस्य करून घ्यावे. विनंती मान्य झाली आणि तसे पत्र इंग्लंडला गेले. नवशिक्यांच्या मठाची पायरीही न चढलेला तो कवी कोठडीत बसल्या बसल्या येशूसंघीय झाला.

त्यानंतर या दोघा मित्रांची पुन्हा कधीही भेट झाली नाही. एक कोठडीत राहिला, दुसरा समुद्रापार गेला. पण जिथे आपल्याला जाता येत नाही तिथे आपला शब्द जाऊ शकतो, हे स्टीफन्स यांनी तरुणपणीच अनुभवले होते. पुढच्या चाळीस वर्षांत त्यांनी जे केले त्याचे मूळ कदाचित इथेच असेल.

वडिलांना आणि भावाला

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांचा उल्लेख करतात. पोचल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्यात सारा प्रवास आहे : वारे, वादळे, आफ्रिकेचे टोक, उडणारे मासे, वाटेत दिसलेले पक्षी, जहाजावरचे आजार. परदेशी गेलेला मुलगा घरी जसे लिहील तसेच ते पत्र आहे. पुढे १५८९ साली रिचर्ड हॅक्लूट यांनी ते आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले. त्या पत्रात लिहिणारा अजून पाहुणा आहे. तो डोळ्यांनी पाहतो आहे, कानांचे काम अजून सुरू व्हायचे आहे.

चार वर्षांनी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, त्यांनी आपल्या भावाला, रिचर्ड यांना, पॅरिसला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. रिचर्ड हे धर्मशास्त्राचे अभ्यासक. या पत्रात फादर या देशातल्या भाषांविषयी लिहितात. त्यांचा उच्चार कानाला बरा वाटतो, त्यांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, त्यांतले वाक्प्रचार आणि वाक्यांची घडण नवल वाटावे अशी आहे, असा त्या मजकुराचा आशय आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला प्रसिद्ध भाषण दिले ते १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी सासष्टीतल्या एका धर्मगुरूच्या कानाला हे साम्य जाणवले होते.

विद्वान मंडळी या पत्राचे महत्त्व भाषाशास्त्रासाठी सांगतात. आपण त्याची तारीख पाहावी. त्याच वर्षी जुलै महिन्यात सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावात पाच येशूसंघीयांची हत्या झाली होती. त्यांत फादर रुडॉल्फ आक्वाविवा होते. अकबर बादशहाच्या दरबारात जाऊन आलेले ते हेच फादर. त्या पाचही जणांना १८९३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले. या घटनेची दुसरी बाजूही आपण लपवू नये. त्याआधी पोर्तुगीज सत्तेने त्या भागातली देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात त्याचा संताप होता. हत्येनंतर बोलणी करण्याच्या निमित्ताने गावच्या पुढाऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. दोन्हीकडून रक्त सांडले होते.

अशा वेळी, सोबती मारले जाऊन तीनच महिने झाले असताना, त्याच मुलखातून लिहिलेल्या पत्रात फादर स्टीफन्स त्या लोकांच्या भाषेचे कौतुक करतात. आपल्या माणसांवर ज्यांनी हत्यार उचलले ते ज्या भाषेत बोलत होते, त्या भाषेत त्यांना सौंदर्य दिसले. शत्रूवर प्रीती करा ही प्रभूची आज्ञा आपण अनेकदा ऐकतो आणि ती कशी पाळायची हे आपल्याला उमगत नाही. तिची एक वाट इथे दिसते. ज्याच्याविषयी मनात भय किंवा राग बसू शकतो, त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊन ऐकणे ही ती वाट. द्वेष करणारा माणूस दुसऱ्याच्या भाषेचे व्याकरण शिकत बसत नाही.

सहाशे ठसे

आणखी पंचवीस वर्षे गेली. ५ डिसेंबर १६०८ रोजी फादरांनी रोमला संघाचे जनरल क्लॉडियो आक्वाविवा यांना पत्र लिहिले. कुंकळ्ळीला मारले गेलेले फादर रुडॉल्फ हे यांचेच पुतणे. या पत्रात एक जुनी इच्छा मांडली होती : इथल्या लोकांसाठी काही पुस्तके त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच लिपीत छापली जावीत.

अडचण काय आहे तेही त्यांनी सांगितले. युरोपातल्या लिपीला चोवीस अक्षरांचे ठसे पुरतात. इथल्या लिपीला सहाशे लागतील. आपल्याला याचे नवल वाटायला नको, कारण आपण बाराखडी गिरवलेली आहे. क, का, कि, की म्हटले की प्रत्येकाचा ठसा वेगळा, त्यावर जोडाक्षरांची भर. फादरांनी हिशेब करून हेही सुचवले, की ही संख्या दोनशेपर्यंत खाली आणता येईल.

कवी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस इथे छापखान्याच्या कामगारासारखा ठसे मोजताना दिसतो. प्रेमाचे काम पुष्कळदा असेच असते. त्यात भावना कमी आणि मोजमाप जास्त असते. आजारी माणसावर माया करणारी सून औषधांच्या वेळा मोजते. मुलांवर जीव असलेला बाप शाळेच्या फीचे हप्ते मोजतो.

त्यांची ती इच्छा पूर्ण झाली नाही. आठ वर्षांनी रायतूरच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत. १६४९ आणि १६५४ साली निघालेल्या आवृत्त्याही तशाच. फादर स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारले. आपले मराठी पुराण देवनागरीत छापलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. देवनागरीत त्याची छापील आवृत्ती निघाली ती विसाव्या शतकात, १९५६ साली.

कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फादर स्टीफन्स यांचे भाषा शिकणे प्रेमाचे होते की धर्मप्रसाराच्या सोयीचे? प्रामाणिक उत्तर असे, की त्यात दोन्ही होते. त्यांना ख्रिस्ताची वार्ता सांगायची होती आणि त्यासाठी भाषा हवीच होती. शिवाय त्यांच्या मागे एक परकी सत्ता उभी होती. ख्रिस्तपुराणातच नवख्रिस्ती लोकांची मागणी येते, की जुनी पुराणे आम्हाला बंद झाली, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण द्या. म्हणजे काहीतरी हिरावले गेले होते, म्हणून ही मागणी आली. फादरांनी मराठीवर माया केली एवढ्याने तो अन्याय पुसला जात नाही.

तरीही काही खुणांवरून आपल्याला प्रेम ओळखता येते.

पहिली खूण अशी, की ते आधी विद्यार्थी झाले. ते गोव्यात आले १५७९ साली आणि पुराण छापले गेले १६१६ साली. मधली वर्षे लोकांमध्ये राहण्यात, ऐकण्यात, विचारण्यात, चुका दुरुस्त करून घेण्यात गेली. त्यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. ज्याला फक्त बोलायचे असते तो इतका काळ ऐकत बसत नाही.

दुसरी खूण, त्यांनी लोकांचा घाट स्वीकारला. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण युरोपातल्या छंदात नाही. ते ओवीत आहे, जी संतांची आहे आणि जात्यावर दळणाऱ्या बाईचीही आहे. मराठीत साधे बोलीतले शब्द मिसळून त्यांनी ते लिहिले, म्हणजे सामान्य माणसालाही कळावे. त्यात ऐकणाऱ्यांना जागा आहे. लोक शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो.

तिसरी खूण मला सर्वांत मोठी वाटते. त्या भाषेच्या माणसांसाठी त्यांनी वरिष्ठांकडे काहीतरी मागितले. सोयीपुरती भाषा शिकणारा तिच्यातून घेतो. प्रेमाने शिकणारा एक दिवस तिच्या वतीने उभा राहतो. १६०८ चे पत्र हे असे उभे राहणे होते.

याच्या उलट काय होऊ शकते तेही गोव्याने पाहिले. फादरांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी, १६८४ साली, पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीजच बोलावी. धर्म तोच, मुलूखही तोच. एकाने म्हटले, मी तुमची भाषा शिकतो. दुसऱ्याने म्हटले, तुम्ही तुमची भाषा टाका. ते फर्मान आज इतिहासाच्या पुस्तकात पडून आहे. ख्रिस्तपुराण मात्र लोकांनी हाताने उतरवून घेतले, कोकणातून मंगळूरपर्यंत नेले, आणि १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापले गेले.

नाझरेथची बोली

आपल्या श्रद्धेच्या गाभ्यातही हीच गोष्ट आहे. देवाचा शब्द मनुष्य झाला असे आपण मानतो. मनुष्य झाला म्हणजे त्यालाही बोलायला शिकावे लागले. पवित्र मरियेच्या मांडीवर त्याने पहिले शब्द उच्चारले. सुमारे तीस वर्षे तो नाझरेथमध्ये राहिला, त्यानंतर त्याने उपदेश सुरू केला. आणि तीही राजधानीची शुद्ध बोली नव्हती. प्रभूला पकडून नेले त्या रात्री वाड्याच्या अंगणात शेकत बसलेल्या पेत्राला लोकांनी त्याच्या बोलण्यावरून ओळखले. गालीलची गावंढळ बोली हीच येशूच्या माणसांची खूण होती.

हे वाचताना आपल्याला खानदेश आठवायला हवा. आपल्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईला गेल्यावर आपली अहिराणी जिभेखाली दडवतात. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्यातून येणारी पावरा कुटुंबे, साक्रीकडची मावची बोलणारी माणसे मंदिरात आली की गप्प होतात. भुसावळला रेल्वेमुळे आलेल्या घरांत कोकणी आहे, तमिळ आहे, इंग्रजी आहे. या सगळ्यांना आपण पुस्तकी मराठीत प्रार्थना देतो. दारात चपला काढून ठेवाव्यात तशी त्यांनी आपली भाषाही बाहेरच काढून ठेवावी, असे तर आपण नकळत सांगत नाही ना?

खानदेशाने या बाबतीत मोठा धडा दिलेला आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत गाणी रचत. घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली. १९५१ साली त्या वारल्यावर त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावचे विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’मध्ये छापल्या. कुणीतरी ऐकले आणि लिहून घेतले, म्हणून हे धन राहिले.

कुणी म्हणेल, प्रत्येक बोलीत मिस्सा कशी होणार? धर्मगुरू किती भाषा शिकणार? शिवाय मुलांना शाळेत आणि नोकरीत प्रमाण मराठी लागते, इंग्रजी लागते. ही हरकत योग्य आहे. सर्वांना एकत्र जोडणारी एक भाषा उपासनेत असावीच लागते आणि आपल्याकडे ती मराठी आहे. लोकभाषांना उपासनेत मोकळी वाट मिळाली तीसुद्धा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली दिलेल्या दस्तऐवजामुळे. फादर स्टीफन्स यांच्या १६०८ च्या पत्रानंतर साडेतीनशे वर्षांनी. तेव्हा सारे एका दिवसात होणार नाही.

पण एका दिवसात होण्यासारखेही काही आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ‘पुत्र’ हा शब्द ऐकणे वेगळे आणि ‘आंडोर’ ऐकणे वेगळे. पहिला शब्द कानाला कळतो, दुसरा आजीच्या डोळ्यांत पाणी आणतो. एखाद्या घरी जपमाळेच्या वेळी शेवटची प्रार्थना आजीने तिच्या बोलीत करावी, असे सुचवता येईल. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी हाच दाखला घरच्या भाषेत सांगावा, असे शिक्षकांना ठरवता येईल. पाड्यावरून आलेल्या कुटुंबाला मिस्सानंतर त्यांच्या भाषेत ‘कसे आहात’ कसे म्हणतात, एवढे तरी विचारता येईल. विचारताना आपला उच्चार चुकेल, ते हसतील, आपणही हसू. त्या घटकेला ते शिकवणारे असतील आणि आपण शिकणारे. एरवी मंदिरात नेहमी ऐकून घेणाऱ्याच्या जागी बसलेल्या माणसाला तेवढा वेळ तरी गुरुस्थान मिळेल.

संत पौलाने करिंथच्या लोकांना समजावले होते, की न कळणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द सभेत अधिक मोलाचे. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने जमलेल्या सर्वांना एकच भाषा शिकवली नाही. ज्याला त्याला आपापल्या बोलीत ऐकू आले. ख्रिस्तसभेचा जन्म अशा ऐकण्यातून झाला.

या रविवारी घरी गेल्यावर प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझ्या जवळचा असा कोण आहे, ज्याच्याशी मी नेहमी माझ्याच भाषेत बोलतो आणि ज्याची भाषा मी कधी विचारली नाही? तो शेजारी असेल, सून असेल, कामावरचा मजूर असेल. कधी कधी आपल्याच घरातला तरुण मुलगाही असतो, शब्द मराठीच पण भाषा वेगळी.

प्रभू येशू, तू आमच्यात आलास तेव्हा आमचे बोलणे शिकलास. दुसऱ्याला शिकवण्याची आम्हाला घाई असते. आधी ऐकण्याचा धीर आम्हाला दे. ज्यांची भाषा आमच्या मंदिरात गप्प आहे त्यांच्यासाठी काही मागण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.